आजारी मूल कुठे गेलं? गिरणीतलं पाळणाघर आणि बाळागोळीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी अभिलेखागारात बसले होते. समोर १९२० च्या दशकातल्या मुंबईच्या गिरण्यांमधल्या बायकांविषयीचे कागद होते. साडेअकराच्या सुमारास टेबलावरचा फोन थरथरला. पाळणाघराच्या ताई होत्या. "ताप आलाय हो हिला, दोनदा ओकलीसुद्धा. घेऊन जाता का?" मी फाइल परत केली, छत्री विसरले आणि धावत स्टेशन गाठलं. पहिला दिवस माझा गेला, दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजा टाकली, तिसऱ्या दिवशी माझी आई कल्याणहून आली. चौथ्या दिवशी मी परत त्याच खुर्चीवर बसले, तीच फाइल मागवली, आणि वाचता वाचता थांबले. या फाइलीतल्या बायकांचं मूल असं अकरा वाजता तापलं, तर निरोप कोणाला जायचा? आणि गेलाच, तर मूल न्यायला कोण यायचं?

संशोधनाचा प्रश्न अनेकदा असाच सापडतो, वाचनाच्या बाहेरून. पण इथे सावध राहायला हवं. आपल्या अनुभवातून प्रश्न मिळू शकतो, उत्तर मिळत नाही. माझी मुलगी आणि शंभर वर्षांपूर्वीच्या वाइंडिंग खात्यातल्या बाईचं बाळ यांच्यात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे ताप. बाकी सगळं वेगळं. हे वेगळेपण काय होतं ते कागदातून काढायचं, हे आपलं काम. या लेखात मी ते कसं करून बघितलं ते सांगते. तुम्ही पीएचडीच्या प्रवेशाची किंवा 'नेट'ची तयारी करत असाल, तर मधले मधले थांबे मुद्दाम तुमच्यासाठी आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या १८५० च्या दशकात. १९२० पर्यंत गिरणी कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात गेली होती आणि त्यात साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. रत्नागिरी, सातारा, घाटावरचे इतर जिल्हे इथून आलेल्या. त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रीलिंग या दोन खात्यांमध्ये. मजुरी कामाच्या मापावर, म्हणजे जितकं सूत गुंडाळाल तितके पैसे. बायकांवर देखरेख करायला नायकीण असायची. कामावर ठेवणं, काढणं, बदलीला बोलावणं यात तिचा शब्द चालायचा.

१९२२ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास ही मर्यादा घातली. मर्यादा एवढी, म्हणजे त्याआधीचा दिवस किती लांब होता याची कल्पना करा. त्यात चाळीतून गिरणीपर्यंतचं चालणं, नळावरचं पाणी आणि दोन वेळचा स्वयंपाक धरलेला नाही. शहरातली जवळपास दोन-तृतीयांश वस्ती एका खोलीत राहत होती.

अशा घरात तान्हं मूल असेल तर दिवसभर सांभाळणार कोण? आजी गावाकडे. मग सात-आठ वर्षांची थोरली बहीण, नाहीतर शेजारीण. काही ठिकाणी बाळं आईबरोबर खात्यातच जायची. आणि या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक सोय होती, बाळागोळी. अफू घातलेली छोटी गोळी. ती चाटवली की मूल तासन्‌तास झोपतं.

डॉ. बार्न्स आणि ९८ टक्के

मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस सुरू केलं. कामगारांचे पगार, घरं, महागाई यांचे आकडे गोळा करणं हे त्याचं काम. गिरणीतल्या बायकांची बाळंतपणं आणि कामाची परिस्थिती तपासण्यासाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांची नेमणूक झाली. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९२२ च्या 'लेबर गॅझेट'मध्ये छापून आला. त्यातला एक आकडा पुढे फार गाजला: कारखान्यात काम करणाऱ्या बायकांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते.

तुम्ही या विषयावरचं काहीही वाचायला घ्या, हा आकडा तुम्हाला भेटणारच. आता इथे पहिला थांबा. एखादा आकडा वारंवार भेटतो म्हणजे तो वारंवार मोजला गेला असं नसतं. बहुतेक वेळा तो एकदाच मोजलेला असतो आणि पन्नास जणांनी उचललेला असतो. १९२० चं दशक हा अफूवरून जगभर वाद चालू असलेला काळ. १९२४-२५ मध्ये जिनिव्हाला त्यावर आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. हिंदुस्थानात अफूची विक्री सरकारी परवान्याच्या दुकानांतून होत होती आणि तिचं उत्पन्न सरकारी तिजोरीत जात होतं. त्यामुळे अफूविरोधी चळवळीला हा आकडा हवाच होता. मजूर आईवर तिच्या अज्ञानाचा ठपका ठेवणाऱ्यांनाही तो सोयीचा होता. एकच आकडा, दोन वेगळ्या वकिलांच्या हातात.

म्हणून आकडा खोटा ठरतो का? नाही. गोळी सर्रास दिली जात होती याबद्दल त्या काळच्या इतर लेखनातही दुमत दिसत नाही. बर्नेट-हर्स्ट यांचं मुंबईतल्या मजुरीवर आणि घरांवर १९२५ साली आलेलं पुस्तक बघा, तिथेही हीच तक्रार आहे. मुद्दा एवढाच की आकडा उचलताना तो कोणी, कशासाठी आणि कोणाला विचारून काढला हे आपल्या टिपणवहीत त्याच्या शेजारी लिहून ठेवायचं.

छेदात काय आहे ते बघा

दुसरा आकडा याहून भयंकर आहे. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६० हून जास्त अर्भकमृत्यू नोंदले गेले. खोल्यांप्रमाणे विभागणी केली तर एका खोलीच्या घरांमध्ये हा दर हजारी ८२८, आणि चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांमध्ये १३३.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून बाहेर चहाला गेले. हजारातली ८२८ बाळं? म्हणजे एका खोलीत जन्मलेलं मूल जगणं हाच अपवाद? मग चाळींमध्ये पोरं दिसत होती ती कुठून आली?

उत्तर छेदात आहे. बाळंतपणाला बाई कुठे जाते? माहेरी, गावाला. गिरणीतल्या कोकणातल्या बायकाही जायच्या. बाळाचा जन्म नोंदला जायचा गावात. काही महिन्यांनी ती बाळाला घेऊन मुंबईला परत यायची. मूल दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे अंशात ते मूल आहे, छेदात नाही.

कागदावर करून बघा. समजा एका वस्तीत १००० बाळं आहेत. त्यातली ४०० गावाला जन्मली, ६०० मुंबईत. वर्षभरात एकूण ३०० दगावली. खरा दर हजारी ३००. पण मुंबईच्या दफ्तरात जन्म ६०० आणि मृत्यू ३००, म्हणजे दर निघतो हजारी ५००. एकही नोंद खोटी नाही, तरी दर चुकला. उलट बाजूही आहे. काही बाळं गावातच दगावली असतील, ती मुंबईच्या अंशात कधी आलीच नाहीत. शिवाय मुंबईतला जन्म नोंदवायचा राहून गेला असेल तर छेद आणखी लहान होतो.

एका खोलीच्या घरात हा घोळ सगळ्यात मोठा, कारण गावाशी ये-जा सगळ्यात जास्त तिथेच. चार खोल्यांच्या घरातली बाई कदाचित मुंबईतच बाळंत होत होती.

पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नका. 'आकडे फुगलेले होते, म्हणजे प्रश्नच नव्हता' असं म्हणणं हा त्याहून मोठा दोष. छेद दुरुस्त करून दर निम्मा झाला तरी दहातली चार मुलं वर्षाच्या आत जात होती. तो आकडाही वाचवत नाही.

गोळी काय करत होती?

आता अफूकडे परत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडं वैद्यकशास्त्र वाचायलाच हवं, नाहीतर आपण कागदातली नीतीची भाषा तशीच उचलतो.

अफूमुळे झोप येते, वेदना कमी होते, खोकला दबतो आणि आतड्यांची हालचाल मंदावते. म्हणजे जुलाब थांबल्यासारखे होतात. त्या काळी तान्ह्या मुलांची दोन मोठी दुखणी कोणती? जुलाब आणि छातीचे विकार. आई गोळी देते, मूल रडायचं थांबतं, हगवण कमी होते, खोकला शांत होतो. तिच्या डोळ्यांना औषध लागू पडलेलं दिसतं.

आत मात्र वेगळं चालू असतं. झोपलेलं मूल दूध मागत नाही, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी आणखी कमी होतं. श्वास मंदावतो, आणि छाती भरलेल्या मुलाला ते झेपत नाही. दिवसेंदिवस हेच चाललं की मूल वाळत जातं. ज्या लक्षणांवरून आजार बळावतोय हे कळायचं, तीच लक्षणं गोळी झाकून टाकते.

तर मग हा अडाणीपणाच की! थांबा. त्याच काळात साहेबांच्या आणि सुखवस्तू घरांतल्या औषधाच्या कपाटात काय असायचं? क्लोरोडाइनची बाटली. कोलिस ब्राउन या लष्करी डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पटकीवर म्हणून तयार केलेलं औषध. त्यात अफूचा अर्क होता, आणि ते खोकला, जुलाब, झोप न येणं या सगळ्यांवर चालायचं. अफू जुलाबावर देणं ही तेव्हाच्या डॉक्टरी पुस्तकांतली नेहमीची गोष्ट. मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाने जुलाब झालेली माणसं मोठ्या प्रमाणावर वाचवता येतात हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवलं ते १९७१ मध्ये, बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत. गिरणीतल्या बाईला ते ज्ञान नव्हतं हे खरं, पण तिला नावं ठेवणाऱ्यांनाही नव्हतं.

आणि हे फक्त मुंबईत घडलं का? लँकेशायरच्या गिरणगावांत एकोणिसाव्या शतकात 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफू आणि काकवीचं मिश्रण तान्ह्या मुलांना पाजलं जायचं. तिथेही आई गिरणीत, तिथेही मूल सांभाळायला शेजारची म्हातारी किंवा लहान मुलगी. तिथली आई ख्रिस्ती आणि इंग्रज, इथली मराठी आणि कुणबी. एकाच प्रकारच्या कामाच्या दिवसातून एकाच प्रकारची सोय निघत असेल, तर 'त्यांची प्रथाच तशी' हे स्पष्टीकरण पुरत नाही. तुलनात्मक इतिहासाचा उपयोग असा होतो.

पाळणाघर होतं, मग बायका का जात नव्हत्या?

काही मोठ्या गिरण्यांनी या काळात पाळणाघरं काढली होती. मग प्रश्न सुटायला हवा होता. पण ती फार थोडी होती, आणि होती तिथेही बायका मुलं ठेवायला सहज तयार होत नसत अशी तक्रार कागदांत दिसते. मालकांच्या बाजूने कारण ठरलेलं: जातीपातीचे समज, अज्ञान, दृष्ट लागण्याची भीती.

जात हे कारण मी उडवून लावणार नाही. १९२० च्या दशकात गिरणीत पिण्याच्या पाण्यापासून विणकाम खात्यातल्या नोकरीपर्यंत जात होती. सगळ्यांची मुलं एका खोलीत, एका बाईच्या हातचं दूध, हा प्रश्न खरा होता. पण एवढ्यावर थांबलं की आपण मालकांची साक्ष हाच निष्कर्ष धरतो.

आईच्या बाजूने विचार करून बघू. वीस-तीस लहान मुलं एका खोलीत आली की काय होतं? माझ्या मुलीच्या पाळणाघरात जे होतं तेच: एकाची सर्दी सगळ्यांना. आज आपल्याकडे गोवराची लस आहे, ती आली १९६३ मध्ये. तेव्हा ती नव्हती. प्रतिजैविकं नव्हती. गोवर अंगावर उठायच्या चार दिवस आधीपासून पसरायला लागतो, म्हणजे पुरळ दिसल्यावर मूल बाजूला काढलं तरी बाकीच्यांना लागण होऊन गेलेली. एका खोलीत मुलं एकत्र आणणं ही त्या काळात खरोखरच जोखीम होती. 'तिथे मुलं आजारी पडतात' असं एखादी बाई म्हणाली असेल, तर ते अज्ञान नाही, निरीक्षण आहे.

मग पाळणाघर चालवणाऱ्यांकडे उपाय काय होता? स्वच्छता, मोकळी हवा, चांगलं दूध, आणि आजारी मुलाला आत न घेणं. शेवटचा नियम जुना आहे. फिर्मिन मार्बो यांनी १८४४ मध्ये पॅरिसला पहिलं 'क्रेश' काढलं, तेव्हापासून ही संस्था निरोगी मुलांसाठीच मांडलेली होती. वैद्यकीयदृष्ट्या नियम समजण्यासारखा आहे. एका आजारी मुलासाठी एकोणतीस मुलांना धोक्यात कसं घालायचं?

पण नियमाचं दुसरं टोक बघा. मूल आत घेतलं नाही तर ते कुठे जाणार? परत खोलीवर. खोलीवर कोणी नाही. म्हणजे आईने घरी राहायचं. म्हणजे खाडा. मापावरची मजुरी असल्याने त्या दिवसाचे पैसे शून्य, जागेवर बदली, आणि चार-पाच खाडे झाले की नायकिणीची मर्जी गेली. म्हणजे पाळणाघर आईच्या उपयोगी पडणार ते मूल ठणठणीत असताना, जेव्हा थोरल्या बहिणीलाही ते सांभाळता येतं. ज्या दिवशी खरी गरज, त्या दिवशी दार बंद.

त्या दिवशी काय करायचं? गोळी द्यायची, मूल शांत करायचं, बहिणीच्या मांडीवर ठेवायचं आणि भोंग्याच्या आत गिरणी गाठायची.

हे शेवटचं वाक्य माझं अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचा. बाळागोळी ही फक्त निरोगी मूल झोपवण्याची युक्ती नव्हती, आजारी मुलाचा दिवस निभावून नेण्याचीही ती व्यवस्था होती, असं मला म्हणायचं आहे. यासाठी लागणारे धागे कागदांत आहेत: मजुरीची पद्धत, बदली, एका खोलीचं घर, अफूचे गुणधर्म. ते एकत्र बांधणं माझं आहे. प्रबंधात धागा कुठला आणि गाठ कुठली हे वाचणाऱ्याला वेगवेगळं दिसलं पाहिजे.

कायद्यातलं मौन

आता कायदे बघू. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. रा. सं. असवले यांनी ते मांडलं होतं आणि जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे बाईला भत्ता मिळू लागला. पुढे व्हिटली आयोगाने, ज्यात ना. म. जोशी सदस्य होते, १९३१ च्या अहवालात कारखान्यांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पाळणाघरं असावीत असं सुचवलं. १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना अधिकार दिला: जिथे ५० हून जास्त बायका कामाला आहेत तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावता येईल. १९४८ च्या कायद्यात ४८ व्या कलमाने ते बंधनकारकच झालं, आणि १९७६ मध्ये ५० चा आकडा ३० वर आणला.

ते ४८ वं कलम एकदा स्वतः वाचा. लहान आहे. खोलीत पुरेशी जागा हवी, उजेड हवा, हवा खेळती हवी, स्वच्छता हवी, मुलांच्या संगोपनाचं शिक्षण घेतलेली बाई हवी. कपडे धुण्या-बदलण्याची सोय, मोफत दूध किंवा खाणं, आईला मधूनमधून पाजायला येऊ देणं, यासाठी नियम करता येतील. कलम चांगलं आहे. रोग टाळायचा तर याच गोष्टी लागतात.

पण मूल आजारी पडलं तर? त्या कलमात त्याबद्दल एक शब्द नाही. त्याच वर्षी, १९४८ मध्येच, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्यात आजारपणाचा भत्ता आहे, पण तो कामगार स्वतः आजारी पडला तर. म्हणजे आई आजारी पडली तर भत्ता, मूल आजारी पडलं तर खाडा. कायद्याला मूल दोनदा दिसलं: जन्मताना आणि स्वच्छ खोलीत दूध पिताना. या दोन चित्रांच्या मधलं, अंगात ताप असलेलं मूल त्याला दिसलं नाही.

मग शोधायचं कुठे?

कागद ज्याबद्दल गप्प आहेत ते कसं शोधायचं, हा प्रश्न तुम्हाला मुलाखतीत विचारला जाऊ शकतो. माझ्यापुरत्या तीन वाटा सांगते.

पहिली वाट: व्हिटली आयोगाच्या साक्षींचे खंड. त्यात प्रश्न आणि उत्तरं क्रमांकासह छापलेली आहेत. आपण सवयीने उत्तरं वाचतो. काही दिवस फक्त प्रश्न वाचा. आयोगाला काय जाणून घ्यायचं होतं आणि काय विचारायचं सुचलंच नाही, हे तिथे दिसतं.

दुसरी वाट: तौलनिक कसोटी. अमेरिकन यादवीमुळे १८६० च्या दशकात लँकेशायरला कापूस मिळेना, गिरण्या बंद पडल्या. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं की उपासमारी असूनही बायकांना मुलांना अंगावर पाजायला वेळ मिळाला आणि कॉर्डियल पाजणं कमी झालं. मुंबईत अशी वेळ आली होती का? आली होती. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, जवळपास सहा महिने दीड लाख कामगार संपावर होते. मग या सहा महिन्यांत अर्भकमृत्यू उतरले का? प्रश्न मोहात पाडणारा आहे. पण वर आपण काय शिकलो? संपात अनेक कुटुंबं गावाला निघून गेली. म्हणजे अंशही हलला आणि छेदही. शिवाय मधे पावसाळा आला, जुलाबाचे महिने. ही तुलना करायची तर आधीच्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी, आणि जन्म-मृत्यू दोन्ही धरूनच करायला हवी. कुणाला एम.फिल.च्या ताकदीचा छोटा प्रकल्प हवा असेल तर हा घ्या, मला आनंदच होईल.

तिसरी वाट: बायकांचं स्वतःचं बोलणं. राधा कुमार यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या गिरणी बायकांवर केलेलं काम या विषयात पायाभूत आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या 'कथा मुंबईच्या गिरणगावची'मध्ये गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती आहेत. अशा मुलाखती घेताना 'पाळणाघर होतं का?' असं विचारलं तर उत्तर हो किंवा नाही येतं. 'पोराला ताप आला तर काय करायचात?' असं विचारून बघा. मी एका आजींना विचारलं. गिरणी सुटून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "काय करणार? जायचं. कामात लक्ष नसायचं, पण जायचं." एका मुलाखतीवरून सिद्धान्त होत नाही. पण माझा प्रश्न निदान चुकीच्या दारावर टकटक करत नाही, एवढं मला कळलं.

आज

पाळणाघरांतल्या आजारपणाबद्दल आज आपल्याला बरंच ठाऊक आहे. लसी वेळेवर, हात साबणाने धुणं, लंगोट बदलायची जागा आणि खाण्याची जागा वेगळी, खोलीत खेळती हवा. साध्या सर्दीच्या मुलाला घरी पाठवून फारसा फायदा नाही, कारण लागण बहुधा आधीच झालेली असते. मूल मलूल असेल, श्वास जोरात चालत असेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील, तर मात्र घरी न्यायचं आणि डॉक्टरकडे.

हे सगळं बरोबर. पण 'घरी न्यायचं' या दोन शब्दांत कोणी तरी मोकळं आहे हे गृहीत धरलेलं आहे. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बायकांना २००८ पासून बालसंगोपन रजा आहे. बाकीच्यांचं काय? आमच्या पाळणाघरात एक मावशी काम करतात. माझ्या मुलीचा ताप त्यांच्याच हाताला आधी लागला होता. त्यांचा नातू आजारी असतो तेव्हा त्यांची सून कामाला जाते आणि मावशींचा खाडा होतो. हा शब्द त्यांनीच वापरला, मी नाही. मी तो त्याच दिवशी सकाळी शंभर वर्षांपूर्वीच्या संदर्भात वहीत लिहिला होता.

त्या दिवशीची फाइल अजून पुरी झालेली नाही. पुढच्या आठवड्यात परत मागवणार आहे. तुमचा विषय कुठलाही असो, मजुरी, शिक्षण, आरोग्य, शहर, एकदा आपल्या कागदांना हा प्रश्न विचारून बघा: इथे ज्या दिवशी सगळं बिघडलं, त्या दिवशी कोण घरी थांबलं? आणि त्याचे पैसे कोणी भरले?